धुऱ्यावरच्या तीन निलगिरी: एक चिरली, एक पडली, एक उभी आहे

यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू कापसाचं गाव. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निलगिरीची तीन झाडं एका ओळीत, ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या रोपांतून लावलेली. छातीच्या उंचीवर गोलाई 2.2 मीटरच्या आसपास, म्हणजे व्यास 70 सेंटिमीटर. कापायच्या पातळीवर, जमिनीपासून 35 सेंटिमीटरवर, व्यास 75. उंची 26 मीटर. सावलीमुळे दोन-तीन ओळींपर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खुरटते म्हणून आणि लाकडाचे चार पैसे येतात म्हणून कास्तकाराने ती काढायला घेतली. दिवस मे महिन्यातले, वावर रिकामं.

पहिली दोन झाडं धुऱ्यावरून वावराकडे झुकलेली. तिसरं उलट, पांदणीकडे. पांदणीच्या कडेने, झाडांच्या मागे 18 मीटरवर, कृषिपंपांची 11 केव्हीची तार जाते. धुऱ्याला काटेरी तार, आणि रानडुकरांसाठी झटका मशीनची एक वेगळी तार.

पहिलं झाड पडताना उभं चिरलं. दुसरं ठरल्या जागी पडलं. झाडं सारखी, झुकाव सारखा, माणसं तीच, झाड कापायची मशीनही (चेन सॉ, साखळीची करवत) त्याच ताकदीची. बदलला तो कापांचा क्रम, म्हणून ही दोन झाडं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

परवानगीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत निलगिरी नाही. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, ऐन, खैर ही झाडं आहेत. ती स्वतःच्या वावरातली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आणि झाड धुऱ्यावरचं असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावं. धुऱ्यावरून भांडणं व्हायला विदर्भात एवढं कारणही लागत नाही.

पहिलं झाड: काय झालं

मशीन 70 सीसीच्या वरची, बार, म्हणजे जिच्यावर साखळी फिरते ती पट्टी, 24 इंची. आदल्या दिवशी याच मशीनने जमिनीवर पडलेले ओंडके तोडले होते आणि साखळी तीनचार वेळा मातीला लागली होती. काळ्या मातीत बारीक चुनखडीचे खडे असतात; एकदा घासलं तरी दातांची धार गोल होते. धार बघितली गेली नाही. भुसा पिठासारखा पडत होता, हीच खूण होती. धारदार साखळी चपट्या कपच्या टाकते, बोथट साखळी पीठ टाकते.

झाड वावराकडेच झुकलेलं होतं, तरी 6 मीटर उंचीवर नायलॉनचा दोर बांधून दुसरं टोक ट्रॅक्टरला लावलं. "पांदणीकडे तारेवर गेलं तर?" अशी भीती होती. ट्रॅक्टर 30 मीटरवर उभा होता. 26 मीटरच्या झाडाला ते अंतर पुरेसं वाटतं, पण फांद्या तुटून उडतात, दोर तुटला तर टोक चाबकासारखं परत येतं. झाडाच्या दुप्पट उंचीइतकं अंतर, म्हणजे इथे 52 मीटर, मोकळं हवं होतं.

पडायच्या बाजूची खाच 9 सेंटिमीटर खोल आणि जेमतेम 35 अंश उघडी. वरचा आणि खालचा काप नेमके मिळाले नाहीत. खालचा काप दोन सेंटिमीटर जास्त आत गेला. मग मशीनवाला मागच्या बाजूने, खाचेच्या दिशेने, सरळ कापत निघाला. अशीच झाडं गावोगाव पाडली जातात आणि सरळ उभ्या झाडाला पुष्कळदा ते निभावूनही जातं.

मागचा काप 30 सेंटिमीटर आत गेला तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला हाळी गेली, "ओढ भाऊ, ओढ!" दोर ताणला. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि खोड कापाच्या पातळीपासून वर, उभं, साडेतीन मीटरपर्यंत चिरत गेलं. पुढचा न कापलेला फाळका बुडाला चिकटून उभाच राहिला. मागचा कापलेला भाग शेंड्यासकट पुढे कलंडला आणि त्याचं खालचं टोक विहिरीवरच्या ढेकळीच्या लाकडासारखं मागे आणि वर उचललं गेलं. उभ्या फाळक्याच्या माथ्यावर, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर, ते टोक जाऊन अडकलं. मशीन कापातून बाजूला फेकली गेली. बार वाकला, मागचं हँडल फुटलं.

मशीनवाला वाचला, कारण मागे उजव्या हाताला काटेरी तार होती आणि त्यामुळे तो डाव्या अंगाला सरकून उभा होता. बरोबर मागे उभा असता तर उचललेलं खोड त्याच्या छातीवर किंवा हनुवटीवर आलं असतं. हेल्मेट अशा माराला काही करू शकत नाही.

का चिरलं

झुकलेल्या झाडाच्या खोडात मागची बाजू कायम ताणलेली असते, पुढची दाबलेली. रुंद पानांची झाडं झुकली की वरच्या अंगाला ताण सोसणारं वेगळं लाकूड तयार करतात. निलगिरीत त्यावर आणखी एक भर: तिच्या खोडात वाढीचेच अंतर्गत ताण मोठे असतात. म्हणून तर निलगिरीचा ओंडका तोडल्यावर काही वेळात त्याच्या टोकाला ताऱ्यासारख्या भेगा पडतात. असं लाकूड आडवं तुटण्याआधी उभं फाटतं. बाभूळ किंवा कडूनिंब वेड्यावाकड्या तंतूंमुळे इतक्या सहज चिरत नाही, पण झुकाव मोठा असेल तर त्यांचीही हमी नाही.

आता आकडे बघा. 75 सेंटिमीटरच्या खोडात पुढून 9 आणि मागून 30 कापलं, तर मध्ये 36 सेंटिमीटर लाकूड शिल्लक राहतं. झाड पडताना या लाकडाने बिजागरीसारखं वाकायला हवं. पण फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 7.5 सेंटिमीटरच्या बिजागरीच्या जागी 36 सेंटिमीटर ठेवलं की जाडी जवळपास पाचपट होते, ताठपणा शंभरपटीहून जास्त. इतकं जाड लाकूड वाकत नाही. वरचं झाड मात्र पुढे निघालेलं असतं. मग ताकद सगळ्यात कच्ची वाट शोधते, आणि ती वाट तंतूंच्या मधून वर जाते.

बोथट साखळीचा दोष इथेच येतो. काप झपाट्याने पुढे सरकला असता तर झाड हलण्याआधी शिल्लक लाकूड थोडं तरी कमी झालं असतं. बोथट साखळीने झाडाला वेळ दिला. खाच अरुंद असल्यामुळे ती लवकर मिटणार होतीच, आणि जास्त आत गेलेल्या दोन सेंटिमीटरच्या पट्टीत तर ती झाड जरासं हलताच मिटली. तोंड मिटलं की बिजागरी वाकणं थांबतं आणि पुढचा सगळा जोर चिरण्यात जातो. ट्रॅक्टरने मात्र सगळ्यात जास्त घात केला. पडायला आधीच तयार असलेल्या झाडाला, बिजागरी घडायच्या आत, पुढे ओढलं.

झुकलेल्या झाडात पाडण्याचं काम झुकावच करतो. मशीनवाल्याचं काम ते थोपवून धरण्याचं आहे, बिजागरी पूर्ण होईपर्यंत.

अडकलेलं खोड

फाळक्यावर टेकलेलं कित्येक टनांचं खोड हा वेगळाच धोका आहे. पहिला मोह होतो तो उभ्या फाळक्याला बुडातून काप देण्याचा, म्हणजे सगळं खाली येईल. येतं खरं, पण कुठे येईल ते कुणी सांगू शकत नाही. इथे त्या दिवशी कुणालाही जवळ जाऊ दिलं नाही. झाडाभोवती 30 मीटरवर दोर बांधला, गुरं त्या बाजूला सोडली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलादी दोराचा फास लांब बांबूने उचललेल्या टोकावर चढवला, खाली कुणी उभं न राहता, आणि ट्रॅक्टर झाडाच्या आडव्या दिशेला 40 मीटरवर नेऊन हळू ओढलं. खोड बाजूला घसरून पडलं. फाळका नंतर, तो मोकळा झाल्यावर, छोट्या कापाने काढला.

दुसऱ्या झाडाआधी

मशीन त्याच दर्जाची दुसरी आणली, बार तोच 24 इंची. एक अनुभवाची गोष्ट: 58 सीसीच्या, 22 इंची बारच्या स्वस्त मशिनी आता तालुक्याच्या प्रत्येक बाजारात मिळतात. त्यांच्यावर 75 सेंटिमीटरचं ओलं निलगिरीचं खोड घेतलं तर मशीन गुदमरते, साखळीचा वेग पडतो आणि माणूस जोर लावायला लागतो. जोर लावणारा माणूस तोल गेला की मशीनवरच जातो.

साखळी 3/8 इंच पिचची. तिला कंपनीने सांगितल्याप्रमाणे 5.2 किंवा 5.5 मिलिमीटरची गोल कानस. कानस दाताच्या माथ्यावरच्या रेघेला समांतर धरायची, साधारण 30 अंशांत, आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखे फटके. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड राहिले की बार लाकडात वाकडा जातो, आणि मग खाच सरळ यावी अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. दातापुढची खुंटी दाताच्या धारेपेक्षा 0.65 मिलिमीटर खाली हवी. ती मापाच्या पट्टीने बघतात. काही जण खुंटी पार घासून टाकतात, "मशीन जास्त खाते" म्हणून. ती खाते, आणि माणसाकडे उसळतेही जास्त.

ताण असा: थंड साखळी बारच्या खालच्या कडेला घट्ट टेकलेली, पण हातमोजा घालून ओढली तर सहज फिरणारी. कामात साखळी तापून लोंबते. तेव्हा ताणली तर थांबताना पुन्हा सैल करायची, नाहीतर थंड होताना आवळून बारचं टोक आणि बेअरिंग खराब करते.

पेट्रोलमध्ये चांगलं दोन-स्ट्रोक तेल 50 ला 1, म्हणजे 5 लिटरला 100 मिलिलिटर. साधं तेल असेल तर 25 ला 1, म्हणजे 200. बारच्या तेलाच्या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतायची सवय विदर्भभर आहे. त्यातला धातूचा बारीक चुरा तेलाचा पंप खातो, आणि पातळ ऑइल बारवर टिकत नाही. तपासायची रीत: बारचं टोक पांढऱ्या पोत्यावर हातभर वर धरून मशीनची रेस वाढवायची, पोत्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची टाकी संपते त्या सुमारास तेलाचीही संपत आली पाहिजे. तेल जसंच्या तसं राहिलं असेल तर बार कोरडा चालला.

चेन ब्रेक रोज बघायचा. मशीन जमिनीवर, पूर्ण वेगात, मनगटाने पुढचा दांडा ढकलला की साखळी तिथल्या तिथे थांबली पाहिजे. थ्रॉटल सोडल्यावर साखळी फिरत राहत असेल तर ती मशीन आज काम करणार नाही, एवढं सोपं आहे ते. सुरू करताना जमिनीवर ठेवून, उजवा पाय मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर. हवेत झटका देऊन सुरू करण्याची जी ऐट असते ती 24 इंची बारच्या मशिनीत मांडीपर्यंत पोचते.

विदर्भातल्या मेची उष्णता हा वेगळा मुद्दा आहे. काम सकाळी सहाला सुरू करून दहाला थांबवलं. पेट्रोलचा डबा सावलीत, ओल्या पोत्याखाली. टाकीचं झाकण हळू उघडायचं, कारण आत वाफेचा दाब साठलेला असतो आणि गरम सायलेन्सरवर पेट्रोल उडलं तर भडका व्हायला वेळ लागत नाही. तेल भरण्याआधी मशीन दहा मिनिटं थंड, आणि भरलेल्या जागेपासून 3 मीटर दूर नेऊनच सुरू. गरम मशीन वाळलेल्या पऱ्हाटीवर ठेवायची नाही. जवळ पाण्याचे दोन ड्रम ठेवले होते.

डोक्याला दुपट्टा गुंडाळून काम करणं उन्हात सगळ्यांच्या सवयीचं. दुपट्ट्याचं लोंबतं टोक साखळीत जातं. म्हणून हेल्मेट, जाळीचा चेहरापट्टा, कानावर मफ. मशीनचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो; कानात कापूस घालून भागत नाही. साखळी अडवणारी पँट उन्हात नकोशी होते हे खरं आहे, पण तिच्यातले लांब धागे साखळीबरोबर ओढले जाऊन चक्रात अडकतात आणि मशीन थांबते. जीनच्या पँटमध्ये असं काही होत नाही. पायात चप्पल असणाऱ्याला 30 मीटरच्या आत यायची मनाई.

झाडाभोवतीची तयारी

उंची मोजायला वाळलेल्या पऱ्हाटीची काडी पुरते. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढी काडी मुठीच्या वर उभी धरायची, आणि काडीचं टोक शेंड्यावर, मूठ बुडावर येईपर्यंत मागे जायचं. तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. झुकलेलं झाड मात्र झुकावाच्या आडव्या बाजूने मोजायचं, नाहीतर माप चुकतं. ओळंबा डोळ्यासमोर धरून पाहिलं तर दुसऱ्या झाडाचा शेंडा बुंध्यापासून साडेतीन मीटर वावराकडे होता, आणि थोडा, अर्धा-पाऊण मीटर, उजवीकडेही. हा उजवीकडचा झुकाव पुढे बिजागरीत धरला.

वर वाळलेल्या फांद्या आणि लोंबत्या सालीच्या पट्ट्या बघून घेतल्या. आग्या मोहोळ नव्हतं. असतं तर काम त्या दिवशी झालं नसतं. लाइनमनला सांगून तार बंद करून घेतली, कारण मागे 18 मीटरवर तार आणि झाड 26 मीटरचं. झाड पुढेच पडणार आहे म्हणून मागचा हिशेब सोडता येत नाही. झटका मशीनची बॅटरी काढली आणि दोन्ही तारा 15 मीटर गुंडाळून ठेवल्या.

धुऱ्यावरचं झाड म्हणजे कुंपणाचा खांब, हे गृहीत धरूनच काम करावं. तार ठोकलेले खिळे खोडात रुतून साल वरून मिटते. साल सब्बलने काढून, कापाच्या पातळीत वीतभर वर-खाली बुंधा बघितला. लाकडात निळसर काळा डाग दिसला की आत लोखंड आहे असं समजावं. इथे खिळे 90 सेंटिमीटरवर होते, काप 35 वर, म्हणून अडचण आली नाही.

मग पळायच्या वाटा. पडायच्या दिशेच्या उलट, तिरप्या 45 अंशांत, डावीकडे आणि उजवीकडे एकेक, प्रत्येकी 8 मीटर. मेमधल्या काळ्या मातीत हात जाईल एवढ्या भेगा असतात. मागे बघत पळणाऱ्याचा पाय त्यात गेला की घोटा मोडतो आणि माणूस झाडाखाली राहतो. भेगांत माती लोटून तुडवली. पऱ्हाटीचे तिरपे खुंट भाल्यासारखे असतात, ते उपटून काढले. एवढ्याला दोन माणसांचा अर्धा तास गेला. झाड कापायला त्याहून कमी वेळ लागला.

गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी, फोनला रेंज कुठे येते ते बघून ठेवलेलं, 108 ला सांगायला गावाची खूण पाठ. साखळीची जखम रुंद आणि फाटलेली असते. स्वच्छ फडकं कोंबून, दोन्ही हातांनी दाबून धरणं आणि सोडून न बघणं, हे मदतनिसाला आधी करून दाखवलं.

दुसरं झाड: कापांचा क्रम

खाचेचा वरचा काप आधी, तिरपा. मग खालचा आडवा. दोन्ही मिळून 70 अंश उघडी खाच, खोली 16 सेंटिमीटर, म्हणजे व्यासाच्या पाचव्या हिश्श्याच्या थोडी वर. पुढे झुकलेल्या झाडाला खाच फार खोल नको. पुढचं दाबलेलं लाकूड काढत गेलं की बार चिमटतो. दोन कापांची रेघ एक झाली का ते वाकून, बोट फिरवून पाहिलं. एका टोकाला अर्धा सेंटिमीटर जास्त गेला होता. वरचा काप तेवढा खोल करून जुळवून घेतला. पाच मिनिटांचं काम आहे, पण हीच पाच मिनिटं पहिल्या झाडावर वाचवली होती. मशीनच्या अंगावर जी उंच रेघ असते तिच्याशी नजर लावून खाचेचं तोंड कुठे बघतं तेही पाहिलं.

आता खरा फरक. मागून आत कापत यायचं नाही. खोडात बार घुसवून, मधून, बिजागरी आणि मागची पट्टी दोन्ही शिल्लक ठेवायच्या.

बार घुसवताना माणसाला सगळ्यात जास्त धोका असतो, म्हणून सावकाश सांगतो. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की मशीन उसळून चेहऱ्याकडे येते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणून सुरुवात टोकाच्या खालच्या भागाने. साखळी लाकडाला लागायच्या आधी पूर्ण वेगात. बार तिरपा धरून, खाचेपासून मोजून बिजागरीच्या मागे, आधी बारच्या रुंदीएवढं खोल जाऊ द्यायचं. मग मशीन हळू फिरवून बार सरळ करायचा आणि आत ढकलायचा. डावा अंगठा पुढच्या हँडलभोवती पूर्ण वळलेला. अंगठा वर ठेवून धरणारे पुष्कळ दिसतात. उसळी आली की तो हात सुटतो. डोकं बारच्या रेषेत नको.

75 चा बुंधा, 61 सेंटिमीटरचा बार. एका बाजूने आरपार जाणार नाही. म्हणून आधी उजव्या अंगाने घुसून शक्य तेवढं आत, मग डाव्या अंगाने त्याच पातळीवर घुसून उरलेलं. डावी बाजू शेवटी ठेवली, कारण झाड थोडं उजवीकडे झुकलेलं आणि माणूस त्याच्या उलट अंगाला हवा. आतून पुढे सरकत बिजागरी घडवली: उजव्या टोकाला 7 सेंटिमीटर, डाव्या टोकाला 9. उजवीकडे जाऊ बघणाऱ्या झाडाला डावीकडचे जाड तंतू ओढून धरतात. मग मागे सरकत गेलं आणि पाठीला 8 सेंटिमीटरची पट्टी राहू दिली.

या क्षणी झाड पुढे 16 कापलेलं, मध्ये पोकळ, आणि दोन जागी धरलेलं आहे: पुढे बिजागरी, मागे पट्टी. ते हलत नाही. मशीन बाहेर काढून, ब्रेक लावून, बिजागरीची जाडी दोन्ही बाजूंनी काडी घालून मोजली. घाई करायचं कारण उरत नाही, आणि या पद्धतीत मला हेच सगळ्यात आवडतं. दोर नव्हता. ट्रॅक्टर गावात होता.

मदतनीस 60 मीटरवर गेला. कास्तकार आणि त्याचा पोरगा पांदणीत, झाडाच्या मागच्या रेषेत नव्हे, बाजूला. एक हाळी, थोडं थांबून दुसरी.

पट्टी बाहेरून, मागून, पोकळ कापाच्या पातळीपेक्षा 4 सेंटिमीटर खाली कापली. त्याच पातळीत कापलं तर सुटणारं खोड साखळी ओढून घेतं. मशीनवाला मागे नाही, डाव्या अंगाला, हात लांब करून. पट्टी निम्मी झाली तेव्हा तंतू टणटण तुटले, झाड एकदम सुटलं. मशीन काढून, ब्रेक लावून, तो डाव्या वाटेने 8 मीटर गेला आणि वळून वर बघत राहिला. झाड पडल्यावर अर्धं मिनिट कुणी हललं नाही. एक वाळलेली फांदी तेवढ्यात खाली आली.

झाड ठरवलेल्या खुंटीपासून सव्वा मीटर उजवीकडे पडलं. बुंध्यावर बिजागरीचे तंतू डावीकडे वीतभर लांब ओढलेले, उजवीकडे तुटके आखूड, म्हणजे डावं टोक शेवटपर्यंत धरून होतं. डावीकडे 9 ऐवजी 10 ठेवलं असतं तरी चाललं असतं.

छाटणी आणि ओंडके यात नवं काही नाही, दोन गोष्टी सोडून. पडलेल्या निलगिरीच्या खालच्या फांद्या धनुष्यासारख्या वाकून दबलेल्या असतात. त्या बाहेरच्या ताणलेल्या अंगाने एकदम कापल्या की तोंडावर येतात. आधी आतल्या, दाबलेल्या अंगाला हलका काप, मग बाहेरून थोडं थोडं. आणि ओंडके तोडताना खाली लाकडाचे ठोकळे सारून खोड जमिनीपासून उचललं, म्हणजे साखळी मातीत जात नाही.

तिसरं झाड

ते पांदणीकडे, तारेकडे झुकलेलं आहे. शेंडा बुंध्यापासून दीड मीटर मागे. ते वावरात आणायचं तर आधी सरळ करावं लागेल. बिजागरीपासून मागची कड साधारण 50 सेंटिमीटर. पाचरीने मागची बाजू 1 सेंटिमीटर उचलली तर 26 मीटरवरचा शेंडा साधारण 50 सेंटिमीटर पुढे येतो. म्हणजे नुसतं ओळंब्यात आणायलाच 3 सेंटिमीटर उचल हवी, पुढे झुकवायला आणखी. प्लॅस्टिकची साधी पाचर अडीच सेंटिमीटर जाड असते. दोन पाचरी एकमेकींवर ठोकल्या तर त्या घसरून उडतात. आडव्या-तिडव्या ठेवून, मधे भुसा टाकून ठोकतात, तरी या वजनाला तेवढ्यावर विसंबू नये.

दोराचं खरं काम इथे आहे. तो 6 मीटरवर नको, निदान 14-15 मीटरवर हवा, आणि वर चढणारा माणूस व त्याचा पट्टा त्यासाठी आधी ठरला पाहिजे. ट्रॅक्टर वावरात 55 मीटरवर, किंवा कप्पी लावून बाजूला. दोर आधी फक्त ताठ; खेच बिजागरी घडून पाचरी बसल्यावर, हळू. तार मात्र त्या दिवशी खांबावरून खाली उतरवून घेतली तरच. नुसती बंद करून भागणार नाही, झाड मागे आलं तर खांबच जातील. लाइनमनने त्यासाठी पेरण्या झाल्यावर, पंपांची गरज नसतानाचा दिवस सुचवला आहे. तेव्हा वावरात पऱ्हाटी उगवलेली असेल आणि काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतेल, म्हणून कास्तकार दिवाळीनंतर, वेचणी आटोपल्यावर बघू म्हणतो. तोवर झाड उभं आहे. बुंध्यावर कुणी अर्धवट खाच पाडून ठेवू नये, एवढं त्याला सांगितलं आहे.